पात्र ठरणं आणि निवडलं जाणं

बिट्स पिलानीच्या बी.ई. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून किमान ७५ टक्के आणि या प्रत्येक विषयात किमान ६० टक्के गुण लागतात. ही अट पूर्ण करणारी मुलंमुली कोल्हापूर शहरातल्या कुठल्याही बऱ्या कनिष्ठ महाविद्यालयात दरवर्षी सहज सापडतील. पण ती पूर्ण केल्याने मिळतो तो फक्त रांगेत उभं राहण्याचा हक्क. पुढे मोजले जातात ते बिटसॅट या प्रवेश परीक्षेतले गुण. ३९० गुणांच्या या परीक्षेत पिलानीच्या संगणकशास्त्र शाखेची यादी गेल्या काही वर्षांत सव्वातीनशेच्या आसपास थांबली आहे. गोव्यात झुआरीनगरला २००४ साली सुरू झालेला बिट्सचा परिसर कोल्हापूरकरांना मुंबईपेक्षा जवळ, पण अंतर काही किलोमीटरमध्ये मोजायचं नाही. माहितीपत्रकातली ७५ टक्क्यांची ओळ वाचून ‘आपल्या मुलीला हे जमण्यासारखं आहे’ म्हणणारं एक घर, आणि सव्वातीनशेचा आकडा अकरावीच्या सुरुवातीलाच ठाऊक असलेलं दुसरं घर. या दोन घरांतल्या मुली सारख्याच हुशार असल्या तरी परीक्षेच्या दिवशी त्यांच्यात दोन वर्षांच्या तयारीचा फरक असतो.

निवडक खासगी विद्यापीठांच्या प्रवेशाचं मर्म मला इथे दिसतं. तिथल्या अटी दोन थरांच्या असतात. वरचा थर छापलेला असतो: किमान गुण, विषय, वय, कागदपत्रं. त्याचं काम चाळण्याचं, निवडण्याचं नव्हे. निवड होते ती खालच्या थरावर, आणि तो थर एकतर छापलेलाच नसतो किंवा ‘सर्वांगीण मूल्यमापन’ अशा गुळगुळीत शब्दांत गुंडाळलेला असतो. परीक्षा असावी की मुलाखत, यावर आपल्याकडे बरेच वाद होतात. माझ्या मते त्याहून मोठा अन्याय हा की, खालच्या थराची माहिती मुंबई-पुण्याच्या काही ठरावीक शाळांतल्या मुलांना घरबसल्या मिळते आणि गडहिंग्लज, चंदगड किंवा शाहूवाडीच्या मुलांना ती बारावीचा निकाल हातात पडेपर्यंत कुणी सांगत नाही.

आधी आपल्या दारातलंच चित्र पाहू. कोल्हापूर जिल्ह्यात खासगी उच्च शिक्षणाच्या निदान तीन वाटा आहेत आणि एकीचा नियम दुसरीला लागू पडत नाही. पहिली वाट १९८३ साली सुरू झालेल्या केआयटीसारख्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची. तिथे एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन द्यायची आणि राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतल्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांमधून जागा मिळवायची. पात्रतेला खुल्या प्रवर्गात बारावीचे ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गात ४० टक्के पुरतात. शाखा कोणती मिळणार हे ठरवतं पर्सेंटाइल. वीस टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. लोक त्यांनाच मॅनेजमेंट कोटा म्हणतात. दुसरी वाट अभिमत विद्यापीठांची. कसबा बावड्यातलं डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चं, आणि ते आता अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. महाविद्यालय कोल्हापुरात असलं तरी तिथल्या एमबीबीएसच्या जागांचं वाटप नीटच्या गुणांवर दिल्लीतली वैद्यकीय समुपदेशन समिती करते. त्यामुळे राज्याच्या यादीत हे महाविद्यालय शोधत बसलेल्या पालकाला ते सापडणारच नाही. तिसरी वाट राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठांची. सांगली रस्त्यावर अतिग्रे इथे २०१७ पासून असलेलं संजय घोडावत विद्यापीठ हे त्याचं जवळचं उदाहरण. अशा विद्यापीठांना प्रवेशाची पद्धत ठरवण्याची बरीच मोकळीक असते.

कोणत्या वाटेने आत शिरलात यावर पुढे पैशांचा हिशेब अवलंबून असतो आणि ही गोष्ट फार थोड्या घरांना वेळेवर कळते. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेली जागा, खासगी अभिमत विद्यापीठ किंवा स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठ या योजनेच्या बाहेर राहतं. म्हणजे एकाच गावच्या दोन मैत्रिणी, दोघींचं उत्पन्न सारखं, दोघींचे गुण सारखे. एकीला शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीला पूर्ण, कारण दुसरीच्या घरच्यांनी ‘आधी जागा पक्की करू’ म्हणून एप्रिलमध्येच वेगळ्या वाटेवर पैसे भरले. ही अटदेखील लिहिलेली आहेच, पण प्रवेशाच्या माहितीपत्रकात नव्हे. ती शासन निर्णयात आहे.

आता जिल्ह्याबाहेरच्या निवडक विद्यापीठांकडे वळू. पुण्याजवळ लवळ्याला फ्लेम विद्यापीठ आहे, हरियाणात सोनीपतला अशोका आहे, बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. फ्लेमच्या प्रवेशात गणिती आणि भाषिक क्षमतेच्या परीक्षेबरोबर निबंध आणि मुलाखत असते. अशोका बारावीचे गुण पाहतं, स्वतःची क्षमता चाचणी घेतं, निबंध मागतं आणि मुलाखत घेतं. अझीम प्रेमजी विद्यापीठातही चाचणी आणि मुलाखत आहे. ही विद्यापीठं एवढा खटाटोप का करतात? वरच्या टोकाला गुण बोलेनासे होतात, हे त्याचं साधं कारण. २०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांनी काही अभ्यासक्रमांची पहिली यादी १०० टक्क्यांवर लावली होती. शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या शेकडो मुलांतून निवड करायची तर गुणपत्रिका काहीच सांगत नाही. पुढच्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली. छोट्या निवासी विद्यापीठाला याशिवाय आणखी एक गरज असते: त्याला एक वर्ग घडवायचा असतो. सगळे अर्थशास्त्राचे आणि सगळे महानगरांतले असे चारशे विद्यार्थी घेतले तर तिथली चर्चेवर चालणारी शिक्षणपद्धतीच लंगडी पडते. म्हणून तिथे प्रश्न केवळ ‘ही मुलगी किती हुशार आहे’ असा नसतो. ‘ही मुलगी इथे चार वर्षं काय करील आणि तिच्यामुळे वर्गात काय नवं येईल’ असाही असतो. हे एकदा समजलं की निबंधात काय लिहायचं आणि मुलाखतीत काय सांगायचं याची निम्मी भीती जाते.

यावर महाराष्ट्रातल्या जाणत्या वाचकाचा पहिला आक्षेप मला स्पष्ट ऐकू येतो: हा डोनेशनचाच नवा अवतार. हा संशय हवेतून आलेला नाही. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ च्या सुमारास विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. कोल्हापूर, सांगली, वारणानगर, इस्लामपूर या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना कर्नाटकात न जाता इंजिनिअर होता आलं ते त्या निर्णयामुळे, हे विसरून चालणार नाही. पण त्याबरोबर देणगीची कीडही आली. ती इतकी की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी फी बेकायदा ठरवली, तरी व्यवहार थांबला नाही. पुढे २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने खासगी संस्थांना प्रवेशात स्वायत्तता दिली, आणि २००५ च्या पी. ए. इनामदार निकालाने त्या स्वायत्ततेला मर्यादा घातली: प्रवेशप्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि शोषणरहित हवी. इनामदार खटला महाराष्ट्रातलाच आहे. मला त्या निकालातलं ‘पारदर्शक’ हे बंधन फार महत्त्वाचं वाटतं. व्यावसायिक अभ्यासक्रमांत सामाईक परीक्षा आणि सरकारी वाटप आल्यावर देणगीचं क्षेत्र आक्रसलं, कारण कोणाला कोणत्या क्रमांकावर जागा मिळाली हे सगळ्यांना दिसू लागलं. निबंध आणि मुलाखतीने निवड करणाऱ्या विद्यापीठांनाही हाच नियम लावायला हवा. अमुक इतक्या अर्जांतून किती निवडले, त्यांतले किती राज्य मंडळाचे, किती ग्रामीण, किती जणांना अर्थसाहाय्य, निबंधाला आणि मुलाखतीला किती वजन, हे दरवर्षी जाहीर करायला विद्यापीठाने का कचरावं? ज्याची निवड प्रामाणिक आहे त्याचं यात काहीच जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलाखत आणि निबंध म्हणजे पूर्वग्रहाला मोकळं रान; त्यापेक्षा एकच लेखी परीक्षा बरी, तिथे आडनाव दिसत नाही आणि इंग्रजीचा उच्चारही ऐकू येत नाही. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. १९२० च्या दशकात हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना तिथल्या ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या खुपत होती. उघड मर्यादा घालण्याचा प्रयत्न विरोधामुळे फसला, तेव्हा चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व पाहणारी प्रवेशपद्धत आली आणि ज्यूंचं प्रमाण खाली आणलं गेलं. जिला आज जग सर्वांगीण मूल्यमापन म्हणून वाखाणतं, तिच्या मुळाशी असा भेदभाव होता. त्यामुळे निवडीचा अधिकार कोणाच्याही हाती डोळे झाकून देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण म्हणून एकच परीक्षा निर्मळ ठरते का? तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये नीटचा परिणाम तपासला. ग्रामीण, तमिळ माध्यमाच्या आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांचं वैद्यकीय प्रवेशातलं प्रमाण घटलं, असा तिचा निष्कर्ष होता. आपल्याकडेही अकरावी-बारावीचं महाविद्यालय नावापुरतं आणि दिवसभर क्लास, अशी ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था कोल्हापुरापासून लातूरपर्यंत पसरली आहे. तिचा खर्च ज्याला झेपतो त्याची तयारी वेगळी होते. परीक्षेला आडनाव दिसत नाही, पण क्लासची फी परीक्षेच्या गुणांत उतरते. तेव्हा पद्धत कोणतीही घ्या, खालच्या थरावरची अट उघड करणं आणि ती पूर्ण करायला मदत करणं, याला पर्याय नाही.

आरक्षणाचा मुद्दा याच ठिकाणी येतो. बिट्समध्ये जातीनिहाय आरक्षण नाही. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये पाचवं उपकलम घालून खासगी संस्थांतही आरक्षण देण्याचा अधिकार शासनाला दिला. केंद्राने २००६ मध्ये कायदा केला तो मात्र केंद्रीय संस्थांपुरता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने खासगी उच्च शिक्षण संस्थांसाठीही असा कायदा करण्याची शिफारस केली आहे. माझ्या मते ती रास्त आहे. कायदा होईपर्यंत मात्र दलित, भटक्या किंवा ओबीसी घरातल्या विद्यार्थ्याला अशा विद्यापीठात गरजेवर आधारलेलं अर्थसाहाय्य हाच मोठा आधार उरतो, आणि त्याचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच करायचा असतो, हे त्याला सांगणारं कोणीतरी हवं.

तिसरा आक्षेप कोल्हापूरच्या शिक्षकांकडून येईल: आमची मुलं मराठी माध्यमाची, त्यांना इंग्रजी निबंध कसा जमणार? ही अडचण खरी आहे. पण निवड समितीला छान इंग्रजी हवं असतं असं समजून मुलांना पाठ केलेले, अलंकारिक परिच्छेद लिहायला लावणं ही चुकीची वाट. निबंधात वाचणाऱ्याला पाहायचं असतं ते मुलाचं निरीक्षण आणि विचार. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ तालुक्यातलं आपलं गाव कसं रिकामं झालं आणि परतल्यावर कोणाचं नुकसान सर्वांत उशिरा भरून निघालं, हे साध्या वाक्यांत मांडणारा निबंध ‘माझं स्वप्न’ या विषयावरच्या सुबक मजकुरापेक्षा कितीतरी सरस. गुळाचे भाव, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदी व्यवसाय: समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाला उत्सुकता वाटावी असं पुष्कळ या जिल्ह्यात पडून आहे. ते पाहायला आणि लिहायला अकरावीपासून शिकवायचं तर त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आठवड्यातला एक तास आणि वही तपासणारा शिक्षक लागतो. इंग्रजीचा सराव त्याच्या जोडीने व्हावा. आधी मराठीत नीट विचार मांडता येणाऱ्या मुलाला दुसऱ्या भाषेत तो मांडणं फार जड जात नाही.

विषयांची निवड हीदेखील अशाच, न सांगितलेल्या अटींतली एक. कॉमर्सला प्रवेश घेताना ‘एसपी की मॅथ्स’ हा प्रश्न येतो आणि टक्के वाढतात म्हणून बहुतेकांना चिटणिसाची कार्यपद्धती घेण्याचा सल्ला मिळतो. टक्के वाढतातही. पण दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटीत गणिताचा पेपर अनिवार्य आहे, आणि ज्याने दोन वर्षं गणिताला हात लावला नाही त्याच्यासाठी हे दार पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बंद झालेलं असतं. विज्ञान शाखेत वैद्यकीय करायचं म्हणून गणित सोडणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही; नीट मनासारखी गेली नाही की त्यांच्यापुढचे पर्याय एकदम आखडतात. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात विषय निवडताना या परिणामांची एक ओळही नसते. ती ओळ प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने आपल्या सूचनाफलकावर लावायला काय हरकत आहे?

महाविद्यालयांवर आणखी ओझं कशाला, असं कोणी म्हणेल. कोल्हापूरला या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालं आहे. राजाराम कॉलेज एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं होतं, पण खेड्यातल्या मुलांना शहरात राहायला जागा नव्हती, तर त्या कॉलेजचा उपयोग कोणाला? शाहू महाराजांनी ही न दिसणारी अट हेरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि जैन, मुस्लिम, लिंगायत अशा अनेक समाजांची वसतिगृहं उभी राहिली. १९०२ चा पन्नास टक्के जागांचा आदेश नोकऱ्यांबाबतचा होता. त्या नोकऱ्यांसाठी लागणारी शिकलेली पिढी या वसतिगृहांमुळे तयार होऊ शकली. आजच्या विद्यार्थ्याची अडचण खोलीची कमी आणि माहितीची जास्त आहे. वेळापत्रक, शिफारसपत्र लिहू शकणारा शिक्षक, अर्ज तपासून देणारा माजी विद्यार्थी, या गोष्टी बोर्डिंगच्या मानाने फारच स्वस्त आहेत. शिवाजी विद्यापीठ आणि जिल्ह्यातली जुनी महाविद्यालयं मिळून त्या सहज उभ्या करू शकतील.

वेळापत्रकाचं आणि पैशाचं स्पष्टच सांगायला हवं. अशोकासारख्या विद्यापीठांचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतात आणि निवड फेऱ्याफेऱ्यांनी होते. बिटसॅटची नोंदणी साधारण जानेवारीत सुरू होते. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. म्हणजे निकालानंतर चौकशीला लागणाऱ्या घरासाठी बहुतेक फेऱ्या आटोपलेल्या असतात. खर्च पाहिला तर वसतिगृह धरून अशा विद्यापीठात वर्षाला दहा लाखांच्या वर जाणं नवीन नाही. पण अशोका आणि अझीम प्रेमजी इथली मदत कुटुंबाच्या गरजेवर ठरते, म्हणून आकडा पाहूनच मागे फिरू नये, आधी अर्थसाहाय्याचा अर्ज करावा. एनआयआरएफ क्रमवारीत पहिल्या शंभरांत असलेल्या खासगी संस्थाही २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत येतात. तिथे तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. कॅपची वाट पाहताना एखाद्या खासगी विद्यापीठात जागा राखून ठेवावी लागली, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचं शुल्क परताव्याचं त्या वर्षीचं परिपत्रक आधी वाचावं. २०२४-२५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण शुल्क परत करणं खासगी आणि अभिमत विद्यापीठांवरही बंधनकारक होतं. आणि मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवण्याचा अधिकार २०१८ च्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला नाही. ही कागदपत्रं पडताळून झाली की लगेच परत मागून घ्यावीत.